एक तिकीट, दीडशे नगरपालिका: युरोपातली महानगरं तोटा, मतं आणि जमीन कशी वाटून घेतात

प्रश्न थोडक्यात असा आहे: युरोपातल्या मोठ्या शहरांभोवती कुठे दहा, कुठे चाळीस, तर कुठे दीडशेच्या वर स्वतंत्र नगरपालिका आहेत. तरी प्रवाशाच्या हातात तिकीट एकच असतं आणि वेळापत्रक जुळलेलं असतं. हे ठरवतं कोण, तोटा भरतं कोण, आणि एवढा खटाटोप करण्यापेक्षा सगळ्यांची मिळून एकच महानगरपालिका का करत नाहीत?

शेवटचा भाग आधी घेऊ. एकत्रीकरणाचे प्रयत्न झाले, पण ते बऱ्याचदा मतपेटीत अडकले. १९९५ मध्ये ॲमस्टरडॅम आणि रॉटरडॅममध्ये ‘शहर-प्रांत’ करण्याच्या योजनेवर सार्वमत झालं आणि दोन्हीकडे प्रचंड बहुमताने नकार आला. मोठं शहर आपल्याला गिळेल ही भीती आसपासच्या गावांना होतीच. पण नव्या रचनेत मूळ शहराचेही तुकडे होणार होते, आणि नकार दिला तो खुद्द शहरवासीयांनी. पुढच्याच वर्षी, ५ मे १९९६ रोजी, बर्लिन आणि ब्रांडेनबुर्ग ही दोन राज्यं एक करण्यावर मतदान झालं. बर्लिन ‘हो’ म्हणालं, ब्रांडेनबुर्गने सुमारे ६३ टक्के मतांनी ‘नाही’ म्हटलं. गंमत अशी की दोन्ही राज्यांचा संयुक्त नियोजन विभाग त्याच वर्षी सुरू झाला आणि तो आजही चालू आहे. १९९९ पासून दोन्हीकडे तिकीटही एकच आहे.

वरून लादलेल्या महानगर संस्थाही टिकल्या नाहीत. ग्रेटर मँचेस्टरची निवडून आलेली काउंटी कौन्सिल १९७४ मध्ये आली आणि लंडनच्या जीएलसीबरोबर (ग्रेटर लंडन कौन्सिल) १९८६ मध्ये थॅचर सरकारने गुंडाळली. बार्सेलोनाची महानगर संस्थाही १९७४ चीच. स्पेनमधल्या कॅटलोनिया या प्रदेशाच्या सरकारने ती १९८७ मध्ये बरखास्त केली. दोन्हीकडे कारण एकच. शहराच्या संस्थेवर एका पक्षाची पकड आणि वरच्या सरकारात दुसरा पक्ष. प्रदेशातली निम्मी लोकसंख्या ज्या संस्थेच्या हाती असते, ती वरच्या सरकारला प्रतिस्पर्धी वाटतेच. म्हणून एकच मोठी संस्था हे उत्तर कागदावर कितीही स्वच्छ दिसलं, तरी तिचा जीव वरच्या सरकारच्या मर्जीवर असतो.

मँचेस्टरचं पुढचं वळण महत्त्वाचं. काउंटी कौन्सिल गेली, पण दहा स्थानिक कौन्सिलांनी स्वेच्छेने एक संघटना चालू ठेवली. ती तग धरून राहिली याचं एक कारण विमानतळ. त्याची मालकी दहाही कौन्सिलांकडे मिळून होती. आजही विमानतळ कंपनीचे ३५.५ टक्के समभाग मँचेस्टर शहराकडे आणि २९ टक्के बाकीच्या नऊ कौन्सिलांकडे आहेत. लाभांश सगळ्यांना येतो, त्यामुळे टेबलावरून उठून जाणं कुणालाच परवडत नाही. पंचवीस वर्षांनी, १ एप्रिल २०११ रोजी, याच दहा कौन्सिलांची कायदेशीर ‘संयुक्त संस्था’ उभी राहिली आणि २०१७ मध्ये तिला थेट निवडून आलेला महापौर मिळाला. आधी सामाईक मालमत्ता, मग सामाईक काम, मग सामाईक पद, असा हा क्रम होता. उलट्या क्रमाने केलेले प्रयोग फसल्याची उदाहरणं वर आलीच.

आता हद्दीबद्दल थोडंसं. युरोपीय संघ आणि ओईसीडी (मुख्यतः विकसित देशांची आर्थिक संघटना) यांची एक सांख्यिकी व्याख्या आहे: दर चौरस किलोमीटरला किमान १५०० लोक आणि एकूण किमान ५०,००० वस्ती असलेला दाट गाभा, अधिक ज्या गावांतले किमान १५ टक्के नोकरदार त्या शहरात कामाला जातात ती सगळी गावं. तुलनेसाठी ही व्याख्या उत्तम आहे, कारभारासाठी मात्र कुणीच ती जशीच्या तशी वापरत नाही. कामागणिक हद्द बदलते. बार्सेलोनाच्या आजच्या महानगर संस्थेत ३६ नगरपालिका आहेत, पण तिथली तिकीट-व्यवस्था त्याहून कितीतरी मोठ्या प्रदेशात चालते. पाणी, कचरा, रेल्वे यांचे नकाशे एकमेकांवर बसलेच पाहिजेत, हा हट्ट सोडला की निम्मे वाद मिटतात.

खरा पेच तुटीचा. इथे झ्युरिक हे सर्वांत शिकण्यासारखं उदाहरण आहे. स्वित्झर्लंडमधल्या त्या कॅन्टनमध्ये, म्हणजे घटकराज्यात, १६० च्या आसपास नगरपालिका आहेत. १९८८ मध्ये मतदारांनी परिवहन कायदा मंजूर केला आणि मे १९९० मध्ये एस-बान ही उपनगरी रेल्वे व एकत्रित तिकीट-व्यवस्था एकदमच सुरू झाली. तिकिटांतून येणारा पैसा एका खात्यात जातो. बस, ट्राम, रेल्वे, बोट चालवणाऱ्यांना ठरलेल्या सेवेचे पैसे त्या खात्यातून मिळतात. जी तूट उरते तिची निम्मी रक्कम कॅन्टन भरतो, निम्मी सगळ्या नगरपालिका मिळून. नगरपालिकांच्या वाट्यातला ८० टक्के भाग त्या-त्या गावाला मिळणाऱ्या सेवेवर ठरतो. गावातल्या थांब्यांवरून किती गाड्या सुटतात हे मोजतात आणि गाडीच्या प्रकाराप्रमाणे त्याला भारांक (कमी-जास्त वजन) देतात. उरलेला २० टक्के भाग गावाच्या करक्षमतेवर ठरतो.

आकडे सोपे ठेवून मांडू. तूट ३० कोटी फ्रँक धरली, तर १५ कोटी कॅन्टनचे आणि १५ कोटी नगरपालिकांचे. त्या १५ पैकी १२ कोटी सुटणाऱ्या गाड्यांच्या प्रमाणात आणि ३ कोटी श्रीमंतीच्या प्रमाणात वाटले जातात. सोसायटीत तळमजल्यावाला विचारतो ना, लिफ्टचा खर्च मी का द्यायचा? तोच प्रश्न इथे सुटलेला आहे: ज्याच्या दारात गाडी जास्त वेळा येते तो जास्त देतो, पण शून्य कुणीच देत नाही.

हे सूत्र चालतं, कारण त्याच्या मागे किमान सेवेचा हक्क आहे. किमान ३०० रहिवासी, नोकऱ्या किंवा विद्यार्थी असलेल्या सलग वस्तीला सेवा द्यावीच लागते. बसथांब्यापासून ४०० मीटर आणि रेल्वे स्थानकापासून ७५० मीटर अंतरातली वस्ती ‘जोडलेली’ मानतात. त्याहून जास्त सेवा एखाद्या गावाला हवी असेल तर ती मागवता येते, मात्र स्वतःच्या खर्चाने. वेळापत्रक दर दोन वर्षांनी नव्याने ठरतं. नगरपालिका आपल्या मागण्या प्रादेशिक वाहतूक परिषदांत मांडतात, पण एकूण पैशाची मर्यादा कॅन्टनची विधानसभा आधीच घालून देते. क्रम इथेही महत्त्वाचा आहे. आधी मागण्या गोळा केल्या असत्या आणि पैसा नंतर शोधला असता, तर प्रत्येक गावाने दर पंधरा मिनिटांनी बस मागितली असती.

तुटीइतकाच कटकटीचा विषय म्हणजे उत्पन्नाची वाटणी. जिथे प्रत्येक कंपनी तिकिटाच्या पैशावर स्वतःचा हक्क सांगते, तिथे एक तिकीट म्हणजे रोजचं भांडण. हँबुर्गमध्ये १९६५ साली स्थापन झालेला परिवहन संघ, म्हणजे अनेक वाहतूक कंपन्यांना एका तिकिटाखाली आणणारी संस्था, हा अशा प्रकारचा पहिला मानला जातो, आणि तेव्हापासून हा प्रश्न सगळ्या जर्मन संघांच्या डोक्यावर आहे. समजा प्रवासी ४ युरोच्या तिकिटावर ३ किलोमीटर बसने, १४ किलोमीटर रेल्वेने आणि २ किलोमीटर ट्रामने गेला. अंतराप्रमाणे वाटलं तर बसला ०.६३, रेल्वेला २.९५ आणि ट्रामला ०.४२ युरो मिळतात. चढण्याच्या संख्येप्रमाणे वाटलं तर तिघांना प्रत्येकी १.३३. एकच प्रवास, पण बसचं उत्पन्न दुपटीहून जास्त फिरलं. म्हणून बहुतेक ठिकाणी मिश्र सूत्र असतं, आणि त्यातला भारांक हा करारातला सर्वांत जास्त घासाघीस झालेला आकडा असतो.

या वाटणीसाठी माहिती लागते. दारावरची स्वयंचलित यंत्रं किती लोक चढले-उतरले ते सांगतात. हातात कुठलं तिकीट होतं आणि गाडी कुठे बदलली हे सांगत नाहीत. त्यासाठी गाडीत माणसं पाठवून विचारपूस करावी लागते, तीही वर्षभर पसरून, कामाचे दिवस, शनिवार-रविवार, सुट्ट्या, सकाळ-रात्र असे गट पाडून. नमुना एका मोसमात गोळा केला की विद्यार्थी पास विकणाऱ्या कंपन्यांचा फायदा किंवा तोटा होतो आणि प्रकरण लवादाकडे जातं. दुसरी अडचण वेळेची. आज जास्त फेऱ्या सोडणाऱ्या कंपनीला तिचा वाटा पुढचं सर्वेक्षण होईपर्यंत वाढून मिळत नाही. म्हणजे सेवा वाढवणाऱ्याला शिक्षा. यावर उपाय झ्युरिकचाच: तिकिटाचा पैसा आणि जोखीम दोन्ही सार्वजनिक संस्थेकडे, चालवणाऱ्याला ठरलेले पैसे. मे २०२३ मध्ये जर्मनीत ४९ युरोचा देशभर चालणारा मासिक पास आला, तेव्हा जुनी सूत्रं आणखीच डळमळली. म्युनिकमध्ये विकत घेतलेला पास हँबुर्गमध्ये वापरला तर पैसा कुणाचा? केंद्र आणि राज्यं वर्षाला दीड-दीड अब्ज युरो घालतात, त्यावर ते निभावतं आहे. जानेवारी २०२६ पासून तो पास ६३ युरोंना झाला.

तिकीट सोपं करणं हाही राजकीय निर्णय असतो, तांत्रिक नव्हे. श्टुटगार्टमध्ये १ एप्रिल २०१९ रोजी ५२ भाडे-विभागांचे ५ करण्यात आले. विभाग कमी झाले की बऱ्याच प्रवाशांचं भाडं उतरतं आणि संघाचं उत्पन्न घटतं. ती घट कुणी किती वर्षं भरायची हे शहर, जिल्हे आणि राज्य यांच्यात आधी लिहून घेतलं, मगच नकाशा बदलला.

मँचेस्टरने बसच्या बाबतीत शेवटी झ्युरिकसारखाच मार्ग धरला. लंडनबाहेरच्या ब्रिटनमध्ये १९८६ पासून बससेवा खुल्या बाजारावर सोडलेली होती. कंपनीने मार्ग आणि भाडं ठरवायचं, कौन्सिलने तोट्याच्या फेऱ्यांसाठी पैसे मोजायचे. २०१७ च्या कायद्याने महापौरांना मार्ग, भाडं आणि वेळापत्रक आपल्या हाती घेऊन चालवण्याचं कंत्राट देण्याचा अधिकार मिळाला. निर्णय मार्च २०२१ मध्ये झाला. दोन बसकंपन्या न्यायालयात गेल्या आणि हरल्या. अंमलबजावणी तीन टप्प्यांत झाली: सप्टेंबर २०२३, मार्च २०२४ आणि ५ जानेवारी २०२५. एकदम सगळं न बदलण्याचं कारण साधं आहे. आगार, चालक आणि बस एका कंपनीकडून दुसरीकडे जाताना पहिल्या आठवड्यांत गोंधळ ठरलेलाच. तो एका कोपऱ्यात निस्तरून पुढच्या टप्प्यात जाता येतं.

मतांचं गणित. इथे तीन नमुने पाहण्यासारखे आहेत. पोलंडमधल्या काटोवीत्सेभोवतीच्या महानगर संघात ४१ नगरपालिका आहेत. तो ९ मार्च २०१७ च्या स्वतंत्र कायद्याने झाला. तिथे ठरावाला दुहेरी बहुमत लागतं: निम्म्याहून जास्त नगरपालिका बाजूने हव्यात, आणि त्यांत मिळून प्रदेशातली निम्म्याहून जास्त वस्ती हवी. त्यामुळे दोन-तीन मोठी शहरं मिळून लहानांना चिरडू शकत नाहीत, आणि लहान गावं एकत्र येऊन मोठ्यांच्या खिशात हात घालू शकत नाहीत. शिवाय त्या कायद्याने रहिवाशांच्या प्राप्तिकरातला ५ टक्के वाटा संघाला थेट दिला. दरवर्षी वर्गणीसाठी हात पसरावा लागत नाही, हा फार मोठा फरक.

श्टुटगार्ट प्रदेशात शहर आणि पाच जिल्हे मिळून १७९ नगरपालिका आहेत. १९९४ पासून तिथे लोकांनी थेट निवडलेली प्रादेशिक सभा आहे. सदस्य एखाद्या गावाचे प्रतिनिधी नसतात, पक्षांच्या याद्यांतून येतात, म्हणून ‘माझ्या गावाला काय’ हा सूर कमी. प्रादेशिक आराखडा नगरपालिकांवर बंधनकारक आहे आणि एस-बानही सभेच्या अखत्यारीत आहे. कच्ची बाजू एकच: स्वतःचा कर नाही. पैसा सदस्यांच्या अंशदानातून येतो, आणि मंदी आली की प्रत्येक महापौर पहिली कात्री याच अंशदानाला लावू पाहतो.

फ्रान्समधल्या ल्योंमध्ये १ जानेवारी २०१५ पासून महानगर संस्थेने आपल्या हद्दीत जिल्ह्याचे सगळे अधिकार घेतले. रस्ते आणि कचऱ्याबरोबर वृद्धांची, मुलांची, बेकारांची मदतही. २०२० मध्ये पहिली थेट निवडणूक झाली: १४ मतदारसंघ, १५० जागा. तोवर प्रत्येक कम्यूनला (फ्रान्समधली नगरपालिका) किमान एक जागा असे. आता लहान गावाच्या महापौराला सभागृहात जागा असेलच असं नाही. महापौरांची वेगळी परिषद आहे, पण ती सल्ल्यापुरती. थेट निवडणूक हवी आणि प्रत्येक गावाला जागाही हवी, हे दोन्ही एकाच सभागृहात बसत नाही. यातून जी कुरबुर निघाली ती अपेक्षितच होती.

जमीन आणि कर यांवर मात्र सहकार्य सर्वांत आधी तुटतं. मँचेस्टरने दहा कौन्सिलांचा संयुक्त विकास आराखडा करायला घेतला. त्याला दहाही कौन्सिलांची संमती लागत होती. हरितपट्ट्यातली जमीन घरांसाठी खुली करण्यावरून डिसेंबर २०२० मध्ये दहांपैकी एक, स्टॉकपोर्ट, बाहेर पडलं आणि आराखडा कोसळला. उरलेल्या नऊ जणांनी नव्याने मांडलेला आराखडा मंजूर व्हायला मार्च २०२४ उजाडला. स्टॉकपोर्टला आता आपल्या घरांची गरज आपल्याच हद्दीत भागवायची आहे, शेजाऱ्याकडे वळवता येत नाही. एकमताची अट सर्वांना सुरक्षित वाटते. प्रत्यक्षात ती सर्वांत नाराज सदस्याच्या हातात किल्ली देते.

कराची स्पर्धा म्युनिकच्या दाराशी दिसते. जर्मनीत व्यवसाय कराचा गुणक प्रत्येक नगरपालिका स्वतः ठरवते. म्युनिकचा ४९० टक्के, तर शेजारच्या ग्रुनवाल्डचा २४० टक्के. मूळ दर ३.५ टक्के असल्यामुळे नफ्यावर अनुक्रमे १७.१५ आणि ८.४ टक्के कर बसतो. कंपनीचा पत्ता ग्रुनवाल्डचा, वर्दळ म्युनिकच्या रस्त्यांवर. परिवहन संघ कितीही उत्तम असला तरी या दरीवर त्याचा इलाज चालत नाही.

फ्रान्सने यावर जो तोडगा काढला तो मला सर्वांत हुशार वाटतो. नगरपालिकांच्या समूहात व्यवसाय कर समूहाकडे जातो. समजा एखाद्या गावाचं या करातून उत्पन्न १० लाख युरो होतं आणि रस्त्यांचं ३ लाखांचं काम समूहाकडे गेलं, तर समूह त्या गावाला दरवर्षी ७ लाख परत देतो. ती रक्कम साधारणपणे गोठलेली राहते. पुढची वाढ सगळी सामाईक खात्यात. म्हणजे पहिल्या दिवशी कुणाचंच नुकसान नाही, आणि नवा कारखाना कुठल्या गावात आला यावरून मारामारी नाही. हस्तांतरित कामाची किंमत ठरवायला सदस्यांची एक मूल्यमापन समिती असते आणि सगळा खेळ तिथे होतो. हस्तांतराच्या आधीची दोन-तीन वर्षं गावं रस्त्यांची दुरुस्ती मुद्दाम लांबवतात, म्हणजे खर्च कमी दिसतो, वजावट कमी होते आणि खड्डे समूहाच्या गळ्यात पडतात. म्हणून एका वर्षाचा खर्च न धरता अनेक वर्षांची सरासरी धरावी आणि मालमत्तेची प्रत्यक्ष पाहणी करावी.

देशांच्या सीमा ओलांडणारं सहकार्यही आहे. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलची ट्राम डिसेंबर २०१४ पासून जर्मनीतल्या वाइल आम राइनला आणि डिसेंबर २०१७ पासून फ्रान्समधल्या सँ-लुईला जाते. फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गची ट्राम एप्रिल २०१७ पासून ऱ्हाइन ओलांडून जर्मनीतल्या केलला. तत्त्व तेच, फक्त कायदे दुप्पट.

मुंबई महानगर प्रदेशाशी तुलना करणाऱ्यांनी एक फरक ध्यानात ठेवावा. संविधानाच्या २४३ झेडई कलमाने महानगर नियोजन समितीत किमान दोन तृतीयांश सदस्य निवडून आलेले असावेत असं सांगितलं आहे, पण ती समिती आराखड्याचा मसुदा करण्यासाठी आहे. बसची तूट कोणत्या महापालिकेने किती भरायची, याबद्दल ते कलम काही सांगत नाही.

कुठल्याही युरोपीय महानगराचा अभ्यास करायचा असेल तर संकेतस्थळावरचा दृष्टिकोन-दस्तऐवज बाजूला ठेवून चार कागद मागावेत: खर्च-वाटपाचं सूत्र, उत्पन्न-वाटणीचा करार, मतदानाचे नियम आणि सदस्याला बाहेर पडायचं असल्यास लागू होणारं कलम. शेवटच्या कागदात दोन गोष्टी तपासाव्यात: सूचना किती महिने आधी द्यायची, आणि बाहेर पडताना गाड्या, आगारं व कर्जाचा हिस्सा कुणाकडे राहतो.